घाटावरचं सासवड

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर घोरपडीच्या पुढे ‘सासवड रोड’ नावाचं एक छोटं स्टेशन लागतं. इथे उतरून सासवड शोधायला निघालेल्या माणसाला अजून वीसेक किलोमीटर जायचं असतं आणि मधे अख्खा दिवे घाट चढायचा असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा मार्ग टाकला गेला, तेव्हा रुळांनी घाटाच्या वाटेला जायचं टाळलं. पूर्वेकडून वळसा घालून ते शिंदवणे, आंबळे, राजेवाडी करत जेजुरीला पोचले. सासवडचं नाव स्टेशनाला लागलं, गाडी काही सासवडला आली नाही.

पुण्यापासून हे गाव जेमतेम तीस किलोमीटर. एवढ्याच अंतरावरच्या चाकणला कारखान्यांनी वेढलं. वाघोली तर शहराच्या पोटातच गेली. सासवडची बाजारपेठ, पालखीतळ आणि नदीकाठची देवळं मात्र अजून आपापल्या जागी आहेत. याचं श्रेय गावकऱ्यांच्या परंपराप्रेमाला देण्याची पद्धत आहे. मला ते श्रेय घाटाला द्यावंसं वाटतं. गावाची भरभराट त्या चढामुळे झाली, पडझडही त्यामुळेच झाली, आणि आज जो काही वेगळेपणा शिल्लक आहे तोही त्याच्यामुळेच.

घाट चढून वर आलं की सुरू होतं ते कऱ्हेपठार. गराड्याच्या बाजूच्या डोंगरात कऱ्हा उगम पावते, सासवडवरून जेजुरीकडे जाते आणि पुढे बारामतीच्या पलीकडे सोनगावजवळ नीरेला मिळते. हिला नदी म्हणायचं ते पावसाळ्यात. सह्याद्रीचा मुख्य कणा पश्चिमेला राहिल्यामुळे ढग तिकडेच मोकळे होतात आणि पठाराच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. दक्षिणेला पुरंदर आणि वज्रगड ही जुळी शिखरं. खालच्या सपाटीवरून कोणी चाल करून आलं तर त्याला आधी घाट चढावा लागणार, आणि तोवर गावाला किल्ल्याच्या आसऱ्याला जाता येणार, अशी ही जागा. धामधुमीच्या काळात माणसं अशाच जागा शोधतात.

गावाची सर्वांत जुनी ओळख मात्र लढाईची नाही. ज्ञानेश्वरांचे धाकटे बंधू सोपानदेव यांनी इथे समाधी घेतली. आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली त्यानंतर महिन्याभराने, म्हणजे १२९६ सालच्या मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, असं परंपरा सांगते. गाव त्यांना सोपानकाका म्हणतं. नागेश्वराचं मंदिर आणि समाधी गावातच आहे. कऱ्हा आणि चांबळीच्या संगमावर संगमेश्वर आहे, आणि गावाबाहेर चांगदेवांशी नातं सांगणारं चांगावटेश्वराचं दगडी देऊळ आहे. आषाढीच्या वारीत ज्ञानोबांची पालखी ज्येष्ठ वद्य एकादशीला दिवे घाट चढते. रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. पुण्यातले हौशी लोक आणि छायाचित्रकार घाटाच्या वळणावळणावर उभे असतात. घाट चढून आलेली पालखी सासवडला दोन मुक्काम करते. दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, सोपानकाकांची पालखी स्वतःच्या वाटेने बारामतीच्या अंगाने पंढरपूरकडे निघते. थोरला भाऊ गावात मुक्कामाला असताना धाकट्याने पुढे निघायचं, असा हा रिवाज आहे.

सतराव्या शतकात पुरंदरचं नाव ज्या ज्या वेळी गाजलं त्या त्या वेळी पायथ्याच्या कसब्याने सोसलं, पण त्याची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. १६४८ मध्ये आदिलशाही सरदार फत्तेखान चालून आला, त्याने बेलसरला तळ दिला. शिवाजी महाराजांची ही पहिली मोठी लढाई. या लढाईत सासवडच्या जगतापांपैकी गोदाजीने फत्तेखानाच्या मुसेखान या सरदाराला लोळवल्याचं ‘शिवभारत’ या काव्यात आलं आहे. याच मोहिमेत पडलेल्या बाजी पासलकरांची समाधी सासवडला दाखवतात. पुढे १६६५ च्या मार्चअखेर मिर्झाराजा जयसिंग पुण्याहून निघून सासवडला पोचला. पुढचे दोन-अडीच महिने मोगलांचा प्रचंड तळ सासवड आणि पुरंदर यांच्या दरम्यान पसरला होता. एप्रिलमध्ये वज्रगड पडला, मे महिन्यात मुरारबाजी देशपांडे पडले, जूनमध्ये तह होऊन तेवीस किल्ले द्यावे लागले. एवढं सगळं शाळेत शिकवतात. शिकवत नाहीत ते हे, की वेढ्यातल्या फौजेच्या घोड्यांना, उंटांना, बैलांना जो चारा लागला तो याच पठारावरून ओरबाडला गेला असणार. आसपासच्या मुलखातली गावं जाळायला जयसिंगाने मुद्दाम तुकड्या धाडल्या होत्या, ही तर इतिहासाची नोंदच आहे.

सासवडचे खरे दिवस आले ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. जेमतेम वीस-पंचवीस वर्षांचा हा काळ, पण एवढ्या काळात या गावाने मराठी राज्याचं सारं वळण बदलताना पाहिलं.

श्रीवर्धनची देशमुखी सोडून बाळाजी विश्वनाथ भट घाटावर आले. सिद्दीच्या जाचाने कोकण सोडावं लागलेली आणखीही घराणी तेव्हा वर येत होती. बाळाजीपंतांनी सेनापती धनाजी जाधवांच्या हाताखाली वसुलाचं काम केलं, पुणे प्रांताचे सरसुभेदार झाले. वसूल म्हणजे हिशेब, आणि हिशेब म्हणजे गावोगावचे कुलकर्णी, देशपांडे, सावकार यांच्याशी संबंध. सासवडचे कुलकर्णी पुरंदरे यांच्याशी त्यांचा घरोबा जमला तो यातूनच. अंबाजीपंत त्र्यंबक पुरंदरे हे बाळाजीपंतांच्या उजव्या हाताला कायम उभे राहिलेले गृहस्थ. बाळाजीपंतांचं कुटुंब सासवडला राहू लागलं.

धनाजी जाधवांच्या मृत्यूनंतर त्यांचा मुलगा चंद्रसेन आणि बाळाजीपंत यांचं बिनसलं. शिकारीतल्या एका हरणावरून भांडण पेटलं म्हणतात, पण असल्या भांडणाला हरिण हे निमित्तच असतं. चंद्रसेन पाठीवर आला आणि बाळाजीपंत थोड्या माणसांनिशी सासवडकडे पळाले. तिथून पुरंदरचा आसरा घ्यायचा विचार होता, पण किल्लेदाराने दरवाजा उघडला नाही, असं ग्रँट डफने लिहून ठेवलं आहे. मग त्यांनी पांडवगड गाठला. या पळापळीत ज्यांनी माणसं गोळा करून साथ दिली त्यांत पिलाजी जाधव होते. हे पिलाजी सासवडजवळच्या दिवे गावचे. पुढे पेशव्यांच्या पहिल्या फळीतल्या सरदारांमध्ये त्यांचं नाव आलं, त्याचं मूळ या दिवसांत आहे. जो आपल्या पडत्या काळात धावून आला त्याला बाळाजीपंत विसरले नाहीत.

१७ नोव्हेंबर १७१३ रोजी पुण्याजवळ मांजरीला शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं दिली. अंबाजीपंत पुरंदरे त्यांचे मुतालिक झाले. गादी साताऱ्याला होती, पण पेशव्यांचं घर, कागदपत्रं, कारकून मंडळी आणि देणं-घेणं यांचा सगळा गोतावळा सासवडला. कऱ्हेच्या काठी पुरंदऱ्यांनी बांधलेला वाडा बुरूज, तट आणि भल्या मोठ्या दरवाज्यासकट आजही उभा आहे. आत शिरल्यावर शनिवारवाड्याची आठवण व्हावी असा. त्यामुळे शनिवारवाडा यावरून बेतला, असं सासवडकर छातीठोकपणे सांगतात. तसा कागद माझ्या पाहण्यात नाही. मात्र ज्यांनी शनिवारवाडा बांधला त्यांचं तरुणपण याच वाड्याच्या आसपास गेलं, हे खरं आहे.

१७१८-१९ मध्ये बाळाजीपंत दिल्लीला जाऊन स्वराज्य, चौथ आणि सरदेशमुखी यांच्या सनदा घेऊन आले. मराठ्यांचा उत्तरेतला सारा पुढचा व्यवहार या कागदांच्या आधारावर उभा राहिला. त्या मोहिमेने शिणलेले पेशवे विश्रांतीला आले ते सासवडला, आणि इथेच १७२० च्या एप्रिलमध्ये त्यांचं निधन झालं. कऱ्हेकाठी त्यांची समाधी आहे. शनिवारवाडा पाहायला रांगा लावणाऱ्यांपैकी पहिल्या पेशव्याची समाधी पाहायला घाट चढून येणारे किती थोडे, हे इथे आल्यावर कळतं.

काही दिवसांतच एकोणीस वर्षांच्या बाजीरावांना मसूरला पेशवाईची वस्त्रं मिळाली. त्यांचाही मुक्काम सुरुवातीला सासवडलाच. पण १७२८ च्या सुमारास त्यांनी बिऱ्हाड पुण्याला हलवलं, १० जानेवारी १७३० ला शनिवारवाड्याचा पाया घातला आणि दोन वर्षांत वास्तुशांतही झाली. वाड्याला तेव्हा १६,११० रुपये खर्च आल्याची नोंद सांगतात. पुण्याची निवड का झाली, याला आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे: ससा कुत्र्याच्या पाठीस लागलेला बाजीरावांनी पाहिला आणि जागेचं पाणी ओळखलं. ही गोष्ट हिंदुस्थानातल्या कितीतरी शहरांच्या नावावर आहे. कुठल्याच शहराला एवढा शूर ससा मिळाला नसेल.

कारण साधं असावं. बाळाजीपंतांना लपायला, सावरायला जागा हवी होती, बाजीरावांना निघायला हवी होती. वर्षातले आठ महिने माळव्यात, गुजरातेत, बुंदेलखंडात काढणाऱ्या माणसाला हजारो घोडी उभी करायला मोकळं रान लागतं, त्यांना पाणी लागतं, उत्तरेकडच्या आणि कोकणाकडच्या वाटा हाताशी लागतात. मुठेकाठी हे सगळं होतं. कऱ्हा मात्र फाल्गुनातच आटते. ज्या चढाने शत्रूला रोखलं तोच चढ आता स्वतःच्या फौजेच्या पायात येऊ लागला. पुणे आणि सासवड तेव्हा दोन्ही कसबेच होते. पुढच्या तीस वर्षांत पुण्याच्या पेठा वसल्या आणि सासवड पुण्याजवळचं गाव झालं.

माणसं मात्र सासवडच्याच पंचक्रोशीतून जात राहिली. दिव्याच्या पिलाजी जाधवांचं नाव वर आलंच. सोनोरीचे पानसे तोफखान्याचे सरदार, त्यांनी १७५७ ते १७६० च्या दरम्यान घाटावर नजर ठेवणारा मल्हारगड बांधला. मराठ्यांनी बांधलेला हा शेवटचा किल्ला मानतात. हिवऱ्याचे बोकील, त्यांतले सखारामबापू. पेशवाईच्या राजकारणात त्यांच्याइतका कसलेला मुत्सद्दी आणि त्यांच्याइतका बेभरवशाचा सोबती शोधून सापडणार नाही. सासवडचे पुरंदरे तर होतेच. सकाळी निघून संध्याकाळपर्यंत पायी पालथा घालता येईल एवढ्या टापूतून एका साम्राज्याचा दिवाणखाना, तोफखाना आणि घोडदळाचा मोठा हिस्सा निघाला. राज्य पुण्याहून चाललं, पण त्याची भरती या पठारावरून झाली.

एकदा राजधानीच वर आली. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर नाना फडणवीस आणि सखारामबापूंनी त्यांच्या पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर नेऊन ठेवलं. १८ एप्रिल १७७४ ला तिथे सवाई माधवराव जन्मले. दोन वर्षांनी कर्नल अप्टनने इंग्रजांच्या वतीने तह केला तोही पुरंदरालाच. संकट आलं की घाट चढायचा, ही बाळाजीपंतांची जुनी युक्ती पुन्हा एकदा कामी आली. १८१८ मध्ये मात्र तिचा उपयोग झाला नाही. सासवडच्या वाड्यातल्या शिबंदीने इंग्रजांपुढे काही दिवस तग धरला, त्याच सुमारास पुरंदर पडला आणि सगळं संपलं.

इंग्रजी अमलाला पठारावरून पहिला धक्का दिला तो रामोश्यांनी. पुरंदरची राखण करणाऱ्या या लोकांची वतनं गेली, पोटावर पाय आला. भिवडीच्या उमाजी नाईकांनी बंड उभारलं आणि वर्षानुवर्षं सरकारला हैराण केलं. ३ फेब्रुवारी १८३२ ला त्यांना पुण्यात फाशी दिलं. त्यानंतर गाव शांत झालं, जरा जास्तच शांत. साताऱ्याकडे जाणारा जुना रस्ता सासवड-नीरेवरून जात असे. कात्रजच्या डोंगरातून नवा रस्ता झाल्यावर वर्दळ तिकडे वळली. १८६९ मध्ये सासवडला नगरपालिका झाली, हा मान त्या काळी मोजक्या गावांना होता. पण मग रेल्वेही वळसा घालून गेली. आता लपायची गरज कोणालाच नव्हती, उरला तो नुसता चढ.

याच काळात सासवडच्या माळ्यांनी जे केलं ते माझ्या दृष्टीने पेशवाईइतकंच महत्त्वाचं आहे, पण त्यावर ना पोवाडा आहे ना पुतळा. कऱ्हेकाठी विहिरीवर मोट चालवून बागायत करणारे हे लोक. थोड्या पाण्यात ऊस, भाजी, फळं पिकवायची आणि पाण्याचा थेंबन्‌थेंब हिशेबात धरायचा, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. १८८० च्या दशकात भाटघरच्या धरणाच्या पाण्यावर नीरेचा डावा कालवा सुरू झाला आणि पाणी बारामतीच्या बाजूला खेळू लागलं. तिथल्या शेतकऱ्याकडे जमीन होती, पण ज्वारी-बाजरीच्या सवयीच्या माणसाला उसाचा खर्च आणि कसब दोन्ही झेपत नव्हतं. सासवडचे माळी तिथे गेले. त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या, ऊस लावला, गुऱ्हाळं टाकली, गूळ पेठेला पाठवला. पुढे गोदावरी आणि प्रवरेचे कालवे झाले तसे ते कोपरगाव, बेलापूरकडे सरकले. कालव्याचं पाणी जिथे पोचेल तिथे ‘सासवडचा माळी’ पोचला आणि त्या त्या भागात हे दोन शब्द उत्तम ऊस पिकवणाऱ्या माणसासाठी रूढ झाले.

१९३० च्या आसपास गुळाचे भाव कोसळले. १९३२ मध्ये सरकारने देशी साखरधंद्याला जकातीचं संरक्षण दिलं आणि देशभर साखर कारखाने उभे राहू लागले. बहुतेक कारखाने शेठ-सावकारांचे. अकलूजजवळ नीरेच्या उजव्या कालव्यावर असलेल्या माळ्यांनी मात्र आपापसांत भांडवल जमवलं आणि स्वतःचाच कारखाना काढला. नाव ठेवलं ‘सासवड माळी शुगर फॅक्टरी’. त्याभोवती जी वसाहत झाली तिचं नाव माळीनगर. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० च्या सुमाराचा. त्याच्या दीड दशक आधी शेतकऱ्यांनी मालकीचा कारखाना चालवून दाखवला होता. ही सहकारी संस्था नव्हती, भागभांडवलाची कंपनी होती. म्हणूनच की काय, सहकाराचा इतिहास लिहिणारे तिला प्रस्तावनेत एखादं वाक्य देऊन पुढे जातात. आज तुकोबांच्या पालखीचं उभं रिंगण माळीनगरला होतं. बाहेरून आलेल्या वारकऱ्याला सोलापूर जिल्ह्यातल्या कारखान्यावर सासवडचं नाव कशाला, असा प्रश्न पडत असेल तर नवल नाही.

बुद्धीच्या क्षेत्रातही हीच वाट. १३ ऑगस्ट १८९८ ला कोडीतला जन्मलेले प्रल्हाद केशव अत्रे सासवडला शिकले, मग पुण्याला गेले आणि शिक्षक, नाटककार, संपादक, संयुक्त महाराष्ट्राची मुलुखमैदान तोफ अशा अनेक रूपांनी महाराष्ट्रभर गाजले. आयुष्य पुण्या-मुंबईत काढून आत्मचरित्राला नाव मात्र त्यांनी ‘कऱ्हेचे पाणी’ असं दिलं. २०१४ च्या जानेवारीत ८७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सासवडला भरलं, अध्यक्ष फ. मुं. शिंदे होते. तेव्हा गावात अत्र्यांचं नाव संमेलनाध्यक्षांपेक्षा जास्त ऐकू येत होतं म्हणतात, आणि ते पटण्यासारखं आहे.

गेल्या तीसेक वर्षांत पुण्याने घेण्याबरोबर देणंही सुरू केलं आहे. फक्त काय दिलं ते पाहावं. शहराचा कचरा वर्षानुवर्षं घाटाच्या पायथ्याच्या उरुळी देवाचीला पडत आला. शहराचं सांडपाणी मुळा-मुठेत सोडलं जातं, आणि पुरंदर उपसा सिंचन योजना तेच नदीतून उचलून, डोंगर चढवून, पठारावर आणते. ज्या कऱ्हेपठाराने पुण्याला राज्यकर्ते पुरवले त्याला पुण्याचं वापरलेलं पाणी मिळतं. शेतकरी त्याला नाक मुरडत नाही, कारण दुसरं पाणी आहे कुठे? त्या पाण्यावर, शेततळ्यांवर आणि ठिबकवर अंजीर, सीताफळ, वाटाणा पिकतो. अंजिराचे इथे खट्टा आणि मीठा असे दोन बहार धरतात. २०१६ मध्ये पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं. पिलाजी जाधवांची दिव्याजवळची गढी आता हॉटेल झाली आहे आणि शनिवार-रविवारी तिथे पुण्याच्या गाड्यांची गर्दी असते.

आणि आता घाट रुंद होतो आहे. हडपसरहून निघणारा पालखीमार्ग राष्ट्रीय महामार्गात आला, त्याच्यासाठी डोंगर फोडला जातोय. त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे विमानतळ. पुण्याचा नवा विमानतळ पुरंदर तालुक्यात करायचं २०१६ मध्ये जाहीर झालं. पारगाव, वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी आणि खानवडी या सात गावांच्या जमिनी त्यासाठी ठरल्या. गावांनी विरोध केला, मोर्चे काढले, मोजणीला आलेल्यांना अडवलं. जमिनीचे भाव मात्र त्याआधीच वर गेले होते, आणि सासवडच्या रस्त्यांवर प्लॉटिंगचे फलक अंजिराच्या बागांपेक्षा आधी डोळ्यांत भरू लागले.

या सातांतली खानवडी म्हणजे जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं गाव. कटगुणहून निघालेलं गोऱ्ह्यांचं कुटुंब खानवडीला आलं. जोतीरावांचे आजोबा शेटिबा तिथून पोटासाठी पुण्याला उतरले. त्यांच्या मुलांनी पेशव्यांकडे फुलं पुरवण्याचं काम धरलं आणि घराण्याला फुले हे नाव पडलं. शेतकऱ्याच्या जमिनीवर, कर्जावर आणि सरकारी कागदावर जन्मभर लिहिणाऱ्या माणसाचं हे गाव. तिथे आता एका बाजूला सरकारने देऊ केलेल्या मोबदल्याचा हिशेब चालतो आणि दुसऱ्या बाजूला ज्यांना जमीन द्यायचीच नाही त्यांच्या ग्रामसभा.